माया ठेवून कापलेली तार

९ जानेवारी

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. दचकू नका. कुणी आजारी नाही, कुणाला काही मागायचं नाही. मुलांच्या सह्या झाल्या, कागद झाले, तेव्हा मी आता तुमची विहीण राहिले नाही हे मला कळतं. पण इतकी वर्षं हेच म्हणत आले, आता एकदम दुसरं काय म्हणू? 'मॅडम' म्हटलं तर तुम्हीच पदर तोंडाला लावून हसाल.

काम अगदी साधं आहे. माझा रेडिओ नीट लागत नाही. बिघडला म्हणावं तर तसंही नाही, दिवा लागतो, बटणं फिरतात. पण एफएमवर सकाळची ती बाई बोलायला लागली की कुणीतरी तिच्या तोंडाजवळ कागद चुरगाळतंय असं वाटतं. तुम्ही माझं काम पाहिलं आहे. मशीनवर बसलं की डोळे शिवणीवर, हात कापडावर, पाय पट्टीवर. मोकळे राहतात फक्त कान. त्या कानांत दिवसभर खरखर घेऊन शिवायचं म्हणजे डोकं उठतं. परवा एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या लावल्या.

दुकानात गेले तर त्या माणसाने घरात लावायचे तीन अँटेना माझ्यापुढे मांडले. एक सशाच्या कानांसारखा, दोन कांड्यांचा. एक नुसती चपटी तार, टी अक्षरासारखी, भिंतीवर ताणायची. तिसरा एक छोटा काळा डबा, तो विजेवर चालतो. दुकानदाराचा सगळा जीव त्या डब्यात होता. मी म्हटलं, विचारून येते. आयुष्यभर प्रक्षेपणाच्या मनोऱ्याखाली नोकरी केलेली बाई माझ्या ओळखीची असताना मी दुकानदाराचं का ऐकू?

फोन केला नाही, कारण आमच्या घरात एका खोलीत शिंकलं की दुसऱ्या खोलीतून विचारणा होते. पोरीला मी हे पत्र लिहिल्याचं सांगितलेलं नाही. ती परत आल्यावर एकदा तुमच्या घराचा विषय निघाला होता, तर ती ताटावरून उठून आत गेली. तेव्हापासून मी तुमचं नाव काढत नाही. टपाल दुपारी येतं, तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात कामाला असते. लिहिलंत तर माझ्याच हातात पडेल.

तुमची,
विहीण (तूर्तास)


१६ जानेवारी

विहीणबाई,

'तूर्तास' वगैरे काही नाही. सह्या मुलांनी केल्या. माझी सही कुणी मागितली नव्हती आणि मी दिलेलीही नाही. तुमचं पत्र आलं आणि पाकिटावरचं अक्षर पाहून मी गॅसवरचं दूध विसरले. आमचे हे ओरडत आले. मी म्हटलं, ओतू जाऊ दे, विहीणबाईंचं पत्र आहे.

आता कामाचं. तो काळा डबा घेऊ नका. तो आलेला आवाज मोठा करतो हे खरं, पण आवाजाबरोबर खरखरही मोठी करतो. तुमच्याकडे जे कमी येतंय ते जास्त यायला हवं, आलेलं फुगवून उपयोग नाही. सशाचे कान बरे, पण ज्याला या केंद्रावरून त्या केंद्रावर उड्या मारायच्या आहेत त्याच्यासाठी. दर वेळी कान पिळत बसावं लागतं. तुम्ही एकाच केंद्राच्या. तुम्हाला चपटी तार. दिसायला काहीच नाही, पण घरात लावायच्या साध्या अँटेनांत तिच्या तोडीची दुसरी नाही.

दुकानातून आणू नका, मी करून पाठवते. हातही चालतील. निवृत्त झाल्यापासून माझ्या हातांनी फक्त भाज्या चिरल्यात.

पण त्याआधी मला काही सांगा. तोच रेडिओ, तेच केंद्र, वर्षानुवर्षं स्वच्छ लागत होतं. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा स्वतः ऐकलं आहे. मग एकाएकी खरखर सुरू झाली, तर घरात काहीतरी हललेलं असतं. आमच्या खात्यात तक्रार आली की आम्ही यंत्र नंतर बघायचो, आधी हे विचारायचो. काय हललं?

तुमची विहीण


२४ जानेवारी

विहीणबाई,

तुम्ही विचारलंत काय हललं. सगळं घर हललं हो.

तुम्ही आला होतात तेव्हा मशीन रस्त्याकडच्या खोलीत होतं. मोठी खिडकी, खिडकीच्या कठड्यावर रेडिओ. पोरगी परत येणार म्हटल्यावर ती खोली मी तिच्यासाठी रिकामी केली. ती यायच्या आदल्या दिवशीच मशीन, कापायचं टेबल, रेडिओ, दोऱ्यांचा डबा, सगळं आत नेलं. आत म्हणजे स्वयंपाकघराला लागून ती बोळवजा खोली आहे ना, गाद्या ठेवायची, तिथे. खिडकी नाही. एका बाजूला लोखंडी कपाट, समोर भिंत. पाठ वळवायची तर आधी मशीनला सांगावं लागतं.

मला त्याचं काही नाही. लेकीला उजेडाची खोली हवी. कामावरून येते, दार लावून घेते. जेवायला बाहेर येते, नीट बोलते, ताट घासून ठेवते, परत दार लावते. दाराला कडी लावलेली नसते, नुसतं लोटलेलं असतं, पण मी ढकलत नाही.

रेडिओचं एक विचित्र आहे. मी कपाट आणि रेडिओच्या मधे उभी राहिले की बाई स्वच्छ बोलते. बसले की पुन्हा खरखर. उभ्याने कसं शिवायचं? की माझंच काही चुकतंय?

तुमची विहीण


२ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं काही चुकत नाही. माणसाच्या अंगात पाणी असतं, मीठ असतं, त्यामुळे माणूस रेडिओजवळ उभा राहिला की तोच थोडासा अँटेना होतो. आमच्या ह्यांना मी एकदा पूर्ण बातम्या संपेपर्यंत टेबलापाशी हात वर करून उभं केलं होतं. अजून ते टोमणा मारतात. आणि तुमचं कपाट म्हणजे लोखंडाची भिंतच, लहरी त्यावर आपटून उलट्या जातात.

खरं औषध तुम्हालाही ठाऊक आहे. रेडिओ परत खिडकीत ठेवला तर कसलीच तार लागणार नाही. पण त्या औषधाचं नावही काढायचं नाही. रेडिओसाठी ते दार ढकलू नका.

या पत्रासोबत वेगळं पार्सल करते आहे, त्यात तार आहे. वरची आडवी पट्टी भिंतीवर ताणून लावायची, कपाटापासून जमेल तितकी लांब. मधून जी तार खाली येते तिची दोन टोकं रेडिओच्या पाठीमागच्या दोन स्क्रूंना. पट्टीचं टोक मनोऱ्याच्या दिशेला करू नका, टोकाकडून ती बहिरी असते. पट्टीचा चेहरा मनोऱ्याकडे हवा. तुमच्याकडून मनोरा म्हणजे बसथांब्याच्या बाजूला.

आणखी थोडी माहिती हवी. घरात रेडिओच्या आसपास आणखी कोण वावरतं? किती वाजता येतं? जेवायला बसतं ते कुठे, किती वेळ? खोलीतला दिवा किती वाजता मालवतं? हल्लीच्या दिव्यांमुळेही खरखर होते, म्हणून विचारते. सुट्टीच्या दिवशी घरात असतं की बाहेर जातं? कुणी मैत्रिणी वगैरे येतात का?

सविस्तर लिहा.

तुमची विहीण


१२ फेब्रुवारी

विहीणबाई,

तार मिळाली. आधी ते सांगते, मग दुसरं.

मशीनच्या वर माझी दोऱ्यांची फळी आहे. तिच्या खालच्या कडेला लावायची ठरवली. पण तुमची पट्टी फळीपेक्षा बरीच लांब निघाली. दोन्ही बाजूंनी लोंबत होती, दिसायला गबाळं. मग मी फळीचं माप घेतलं, दोन्हीकडे बोटभर माया ठेवली आणि जास्तीची कापून टाकली. टोकं दुमडून आत घेतली आणि जाड दोऱ्याने टाके घातले. फार सुरेख बसली आहे. कुणी म्हणणार नाही की तार आहे. फक्त आता बाई मुळीच बोलत नाही. नुसती खरखर. तुम्ही पाठवताना काही विसरलात का?

आता दुसरं. तुमचे प्रश्न मी वाचले, चहा ठेवला, परत वाचले. दिव्याचं मी एक वेळ समजू शकते. पण मैत्रिणी येतात का याचा आणि अँटेनाचा संबंध मला शिवणवालीला कळला नाही. विहीणबाई, तुमच्या चिरंजिवांसाठी ही चौकशी असेल तर सरळ सांगा. माझी लेक कधी येते, कुठे जाते हे माझ्याकडून काढून तिकडे पोहोचणार असेल, तर माझा रेडिओ जन्मभर खरखरला तरी चालेल. मला वाईट वाटतंय हे लिहिताना. पण न लिहिता राहिले असते तर जास्त वाटलं असतं.

– मी


२० फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून आधी मी अर्धा दिवस फुगून बसले. मग विचार केला की माझी लेक असती आणि मला असे प्रश्न आले असते, तर मी याहून तिखट लिहिलं असतं.

मुलगा आमच्याकडे राहत नाही. त्याने दुसरीकडे घर घेतलं. फोन करतो, 'जेवलीस का' विचारतो, 'हो' म्हटलं की ठेवतो. तो तिच्याबद्दल विचारत नाही आणि मी सांगत नाही. त्याची बाजू घ्यायची म्हटलं तर घ्यायला फारसं काही सापडत नाही, आणि सोडायची म्हटलं तर पोटचा आहे. त्या दोघांचं का जमलं नाही हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तुम्हाला येतं का?

ते प्रश्न माझ्यासाठी होते. आमच्या घरी होती तेव्हाही ती चष्म्याच्याच दुकानात जायची. संध्याकाळी आली की चपला काढायच्या आधी दिवसभराची गिऱ्हाइकं सुरू. एकाने चष्मा कपाळावर ठेवून सगळ्या दुकानाला चष्मा शोधायला लावलं. एक बाई म्हणाली, असा चष्मा द्या की ज्यातून नवरा बरा दिसेल. आमचे हे तिचं ऐकायला टीव्ही बंद करायचे. आता टीव्ही चालूच असतो, कुणी बघत नसलं तरी.

तुमच्याकडे पोरगी परत आली. माझ्याकडून गेली. हे कुणाच्या लक्षातच येत नाही. सून गेल्याचं दुःख सासूला विचारायला कोण येणार? शेजारची तर म्हणाली, 'सुटलात.' मी तिच्याकडे जाणं बंद केलं. तेव्हा पोरगी जेवते का, दिवा कधी मालवते, हे मला जाणून घ्यायचं होतं. सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून रेडिओच्या आडून विचारलं. झालं समाधान?

आता तारेकडे वळू, कारण तिथे माझा राग अजून गेलेला नाही. विहीणबाई, तार म्हणजे कापड नव्हे हो! त्या पट्टीचा एकेक हात साडेएकोणतीस इंच असा मी मोजून ठेवला होता. तेवढीच लांबी तुमच्या केंद्राला लागते. टोकाच्या दोन तारा सोल्डरने झाळून एकमेकींना जोडल्या होत्या, तो भाग तुम्ही कात्रीने उडवलात आणि वर टाके घातलेत. कापून जी लांबी उरली असेल त्यावर विमानवाले एकमेकांशी काय बोलतात ते ऐकू आलं असतं, तेही रेडिओ तसला असता तर. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, ते हसून हसून खोकायला लागले. नोकरीत असताना मी वादळाने मोडलेले अँटेना पाहिले, माकडांनी वाकवलेले पाहिले, शिवलेला हा पहिलाच.

आणि ही माया काय भानगड आहे? 'माया ठेवून कापली' म्हणजे? आमच्या खात्यात हा शब्द कुणी काढला नव्हता.

दुसरी तार करते आहे. एक विचारू? त्या पार्सलात तिच्यासाठी एक चिठ्ठी घालू का? चार ओळी. तुम्ही नको म्हणालात तर नाही घालणार.

तुमची विहीण


१ मार्च

विहीणबाई,

आधी माफी. मी तुमच्यावर संशय घेतला. तुमचं पत्र वाचताना मला रडू आलं आणि विमानांपाशी आले तेव्हा हसूही आलं. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, तिने विचारलं, 'काय झालं?' मी म्हटलं, 'विहीणबाईंनी झापलं.' ती म्हणाली, 'विहिणी दुसरं काय करणार!'

माया म्हणजे शिवणीच्या पलीकडे आत सोडलेलं जादा कापड. कपडा मापाला बरोबर शिवायचा, पण कापताना मापाला कापायचा नाही. आत दोन बोटं कापड राहू द्यायचं. पुढे अंग भरलं की शिवण उसवायची आणि त्या मायेतून सैल करायचं. बाहेरून काही दिसत नाही. नवशिकी बाई माया ठेवायला कंजूषपणा करते आणि मग कपडा वर्षभरात टाकावा लागतो. तुमच्या कामात मायेला जागा नाही हे मला नवीन कळलं. मला वाटलं, जिथे कात्री तिथे माया.

ती जेवते का विचारलंत. लग्नाच्या वेळी तिचे सगळे कपडे मी शिवले होते. भरपूर माया सोडली होती, म्हटलं, संसारात पोरगी चांगली भरेल, पोरंबाळं होतील. परत आली तेव्हा तेच कपडे मी घेऊन बसले. सैल करायला नव्हे, आत घ्यायला. मशीनवर बसून रडता येत नाही, टाका वाकडा जातो, म्हणून हाताने शिवले. आता जरा बरी आहे. भात परत मागून घेते. दिवा उशिरा मालवते, वाचत असते बहुतेक. मैत्रिणी येत नाहीत. गिऱ्हाइकांच्या गोष्टी ती मला कधी सांगत नाही. त्या तुमच्याकडेच राहिल्या वाटतं.

चिठ्ठी मात्र नको. तुमच्या मनात काय आहे ते मला कळलं, म्हणून जड जातं सांगायला. पण आत्ता कुठे तिची खपली धरते आहे. तुमचं अक्षर पाहून ती पुन्हा आत जाऊन बसली तर मला तिला बाहेर काढता येणार नाही. थोडे दिवस जाऊ द्या. मी सांगेन तेव्हा घाला.

खरं तर मला आता तारेची तितकी घाई नाही. तुमची पत्रं येतात तेवढ्याने माझे दिवस बरे जातात. पण हे आधी कळलं तर तुम्ही तार पाठवणार नाही, म्हणून हे शेवटी लिहिलं.

तुमची विहीण


८ मार्च

विहीणबाई,

तार पाठवली. तुम्ही म्हणालात तसं खोक्यात कागदाचा कपटाही घातलेला नाही. तार आणि ती मोडू नये म्हणून वर्तमानपत्राचे बोळे, बस्स.

कात्री लांब ठेवा. लोंबली तर लोंबू द्या, फळीवरून वळवून भिंतीवर घ्या. तार लांब असण्यात काही गबाळं नाही.

भात परत मागते हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनीही परत घेतला.

तुमची विहीण


१४ मार्च

विहीणबाई,

आज घाईत लिहिते आहे आणि हे कदाचित शेवटचं.

काल मी शिवलेले कपडे पोहोचवायला गेले होते. पोरीला बरं वाटत नव्हतं म्हणून ती दुकानातून लवकर आली. पार्सल तिच्या हातात पडलं. मी परत आले तर खोकं जमिनीवर उपडं पडलेलं, बोळे सगळ्या खोलीभर, तार एका कोपऱ्यात, आणि ही मधोमध बसलेली. चेहरा पांढरा. मला म्हणाली, 'किती दिवस चाललंय हे?' मी म्हटलं, 'अगं, रेडिओसाठी.' ती म्हणाली, 'किती दिवस?' मी म्हटलं, 'जानेवारीपासून.' ती उठली, आत गेली, आणि या वेळी दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

आज सकाळी न खाता कामावर गेली.

मला तुमच्याशी बोलायला आवडतं. माझ्या वयाची, माझ्यासारखं बोलणारी दुसरी कुणी मला नाही. पण ती माझी लेक आहे, आणि तिच्या पाठीमागे मी त्याच घराशी गुळपीठ केलं असं तिला वाटत असेल तर मी तिला काय तोंड दाखवू? तुम्ही आई आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको. आता लिहू नका. मीही लिहिणार नाही.

रागावू नका.

– मी


१९ मार्च

विहीणबाई,

रागावले नाही. तुम्ही केलंत ते बरोबर आहे. तिने एका वेळी एवढंच पेलावं, त्यात माझी भर नको.

मला मात्र फार वाईट वाटतं आहे, आणि ते न सांगता पत्र संपवलं तर खोटं होईल. टपालवाला फाटकाशी आला की मी ओल्या हाताने धावायचे. आता नाही धावणार. तुम्हीही आता इकडची काळजी करू नका. तिला सांभाळा.

याला उत्तर देऊ नका.

तुमची विहीण


६ एप्रिल

आई,

ही हाक आता चालत नसेल तर इथेच थांबा, पुढे वाचू नका. मी दुसरी शोधून पाहिली. आरशासमोर उभी राहून 'काकू' म्हणून बघितलं, तर समोरच्या घरातून वाटीभर साखर मागायला आले आहे असं वाटलं.

मी लिहिते आहे हे आईला माहीत नाही. चोरून पत्र लिहिण्याची विद्या मी तिच्याकडूनच घेतली.

आईने रेडिओ लावायचा सोडून दिला. मी कामावरून येते तेव्हा घरात फक्त मशीनचा आवाज असतो, मधेच थांबतो, मग कात्री ठेवल्याचा. विचारलं तर म्हणाली, 'खरखर ऐकून कंटाळा आला.' दुपारी मी एकदा घरी होते. टपालवाला जिन्यात आला तसं मशीन थांबलं. तो वरच्या मजल्यावर गेला. मशीन बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही. तेव्हा मला कळलं की कंटाळा कसला आला आहे.

रविवारी मी तिचं मशीन ओढत परत खिडकीच्या खोलीत आणलं. टेबल आणलं, रेडिओ आणला. कॉट भिंतीला लावली, खोली दोघींना पुरते. मी आले त्या दिवशीच हे सांगणार होते, पण मी दारात पाय ठेवायच्या आधीच आईने सगळं हलवून ठेवलेलं होतं. मला वाटलं, तिला माझ्यापासून लांब बसायचं आहे. तिला वाटत होतं, मला एकटीला राहायचं आहे. दार मी लोटलेलं ठेवत होते, कुणीतरी ढकलेल म्हणून. तार मीच लावली. तुम्ही केली आहे म्हणून लावली, नाहीतर खिडकीत तिची गरज नव्हती. कापली नाही. रेडिओ असा लागला की ती बाई पाणी पिते तेसुद्धा ऐकू येतं.

मग आईने मला सगळं सांगितलं. विमानांचंही सांगितलं. आणि रडत रडत म्हणाली, 'तू रागावलीस म्हणून मी त्यांना तोडलं.'

मी रागावले होते हे खरं आहे. पण ते कशासाठी, हे तिला कळलं नाही आणि तुम्हालाही कळलं नसेल.

पार्सल माझ्या हातात आलं तेव्हा त्यावरचं अक्षर पाहिलं. मी तुमच्या घरी चार वर्षं किराण्याच्या चिठ्ठ्या त्या अक्षरात वाचल्या आहेत. नाव आईचं होतं, तरी मी उघडलं. तार निघाली. ती बाजूला ठेवली. मग खोकं उलटं केलं, झटकलं. तळाशी पुठ्ठ्याच्या घडीत बोट घालून पाहिलं. मग वर्तमानपत्राचे बोळे एकेक उलगडले, सगळे. आईला वाटलं मी फेकाफेक केली. मी शोधत होते. माझ्यासाठी काही नव्हतं.

'किती दिवस' असं मी विचारलं, कारण मला तेवढंच कळून घ्यायचं होतं. जानेवारीपासून तुम्ही या घरात पत्रं पाठवत होता, तारा पाठवत होता, आणि मी याच घरात होते.

आई म्हणते, तिनेच तुम्हाला नको म्हणून सांगितलं. तिने माझ्यासाठी नको म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी ऐकलंत. दोघींनी मिळून माझी एवढी काळजी घेतलीत, पण मला कुणी विचारलं नाही. ताटावरून उठून गेले होते, तेव्हाही मला तुमची आठवण येऊन रडू आलं होतं, आणि आईसमोर रडायचं नव्हतं. मी तुमच्या मुलाला सोडलं. तुम्हाला सोडलं असं मी कधी, कुणाला म्हटलं होतं?

त्याच्याबद्दल मला काही लिहू नका, चांगलंही नको. बाकी सगळं लिहा. बाबांचा खोकला लिहा. शेजारणीशी कशावरून भांडलात ते लिहा. माझ्याकडेही गिऱ्हाइकांच्या गोष्टी खूप साठल्या आहेत, त्या आता आईला सांगायला गेले तर ती गिऱ्हाइकाचीच कीव करत बसते, हसत नाही.

आईलाही तुम्ही पूर्वीसारखं लिहा. पण तिच्या पत्राच्या शेवटी 'पोरीला आशीर्वाद' अशी एक ओळ घालून मोकळ्या होऊ नका, तेवढ्यावर माझं भागणार नाही. मला वेगळं पत्र लिहा. पाकिटावर माझं नाव घाला.